कलादालन, कमल बस्ती, खानापूर, हलशी: दोन दिवसांची चित्रफेरी

बेळगावात चित्रप्रदर्शन बघायचं तर आधी तारीख जुळवावी लागते. प्रदर्शनं बहुधा दोन-तीन दिवसांचीच असतात. शेवटच्या दिवशी दुपारनंतर पोचलात तर भिंतीवर खिळे आणि कोपऱ्यात गुंडाळलेल्या फ्रेमा दिसतील. उद्घाटनाची संध्याकाळही टाळा, तेव्हा चित्रांपेक्षा माणसांच्या पाठीच जास्त दिसतात. मधल्या दिवशी सकाळी जावं. चित्रकार निवांत खुर्ची टाकून बसलेला असतो आणि बोलायला त्यालाही कुणीतरी हवंच असतं. तारखा स्थानिक मराठी दैनिकांच्या शहर पानावर कळतात.

सुरुवात टिळकवाडीतून, वरेरकर नाट्य संघाच्या के. बी. कुलकर्णी कलादालनातून. हे कुलकर्णी म्हणजे बेळगावच्या दोन-तीन पिढ्यांना चित्रकला शिकवणारे गुरुजी. प्रसिद्ध चित्रकार रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. कुलकर्णी गुरुजींमुळे वास्तववादी व्यक्तिचित्रं आणि निसर्गचित्रांची इथं सवयच आहे. अमूर्त चित्रांच्या अपेक्षेनं गेलात तर हिरमोड होईल.

पहिली फेरी वही न काढता, पंधरा मिनिटांत. दुसऱ्या फेरीला तीनच चित्रं निवडायची. आधी चित्राच्या कर्णाच्या दीडपट-दुप्पट अंतरावर उभं राहून डोळे अर्धवट मिटायचे, की बारकावे विरघळतात आणि उजेड-अंधाराचे मोठे तुकडे उरतात. वहीत ६ बाय ९ सेंटिमीटरची चौकट आखून ६बी म्हणजे मऊ, गडद पेन्सिलीनं ते तुकडे तीनच छटांत भरायचे. एका चौकटीला पाच मिनिटं पुरतात. मग हातभर अंतरावर जायचं. चित्र जलरंगातलं असेल तर पांढरं कुठून आलं ते शोधा: कोरा कागद राखलाय की वरून पांढरा रंग लावलाय? बाजूनं तिरकं पाहिलं की वरून लावलेला पांढरा जाडसर, खडूसारखा दिसतो. ‘उजेड कुठे राखला?’ एवढा एकच प्रश्न घेऊन दालनाबाहेर पडा, पुढच्या सगळ्या ठिकाणी तो कामी येतो.

सगळ्या भिंतीचे फोटो काढून काही हाती लागत नाही. फोन गडद भाग उजळवतो, काचेत ट्यूबलाइट उमटते आणि घरी गेल्यावर त्या चित्राचा रंग भलताच निघतो. विचारून एखादा काढा, सोबत नावाच्या चिठ्ठीचा. आणि चित्रकाराला ‘किती दिवस लागले?’ विचारण्यापेक्षा ‘पहिला रंग कुठे टाकला?’ विचारा. मग गडी खुलतो.

दुपारी किल्ल्यातली कमल बस्ती. इथल्या रट्ट राजांच्या काळातलं, १२०४ सालचं हे जैन मंदिर. किल्ल्यात लष्कराचा वावर आहे, म्हणून ओळखपत्र जवळ असू द्या आणि कॅमेरा वाटेल तिकडे रोखू नका. मंडपाच्या छतात ७२ पाकळ्यांचं दगडी कमळ खाली उमललेलं आहे. उन्हातून आत आल्या आल्या ते नुसतं काळं दिसतं. दहा मिनिटं खांबाशी बसून राहिलं की पाकळ्यांच्या कडा वेगळ्या दिसू लागतात, पेन्सिल तेव्हाच काढायची. घाईत सगळ्या पाकळ्या मोजत काढणाऱ्यांचं चित्र हमखास रांगोळीसारखं सपाट होतं. एकाच बाजूच्या आठ-दहा पाकळ्या काढा, त्यांच्या सावल्यांसकट.

दुसरा दिवस खानापूरचा, बेळगावहून सव्वीसेक किलोमीटर, बस आणि रेल्वे दोन्ही आहेत. महिलांना कर्नाटकाचा पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवलं की साध्या सरकारी बसला तिकीट पडत नाही. बसच्या पाट्या कन्नडमध्ये असल्या तरी कंडक्टरला मराठीत बिनधास्त विचारा.

खानापूर कुंभारकामाचं गाव. प्रदर्शनातल्या इकडच्या रस्त्यांच्या चित्रांत तांबडा बहुधा ट्यूबमधला बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, असतो. खरी माती त्याहून मळकट, थोडी जांभळट. तीच घरी न्या आणि रंग करा. ओंजळभर माती बादलीत ढवळून अर्धा मिनिट थांबा. वाळू खाली बसली की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. रात्रभरात त्यातला गाळ बसतो. वरचं पाणी टाकून गाळ सुकवा, कुटा, मलमलीतून चाळा. एक भाग बाभळीचा डिंक दोन भाग कोमट पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घ्या. काचेवर दोन भाग मातीला एक भाग डिंकाचं पाणी घालून घोटा. कणी लागायची थांबेपर्यंत, म्हणजे अर्धा तास तरी. कागदावर लावलेला रंग वाळल्यावर बोटाला आला तर डिंक कमी पडला. चकाकून तडकला तर जास्त झाला. दोन थेंब मध घातला की या रंगाची वाळवलेली वडी तडकत नाही, लवंग तेलाच्या थेंबानं बुरशी धरत नाही. मात्र कुंभाराच्या अंगणातली मळलेली माती विचारल्याशिवाय उचलू नका. ती त्याची मेहनत असते.

तिथून हलशी पंधराएक किलोमीटर. कदंब राजांच्या काळातली ही पलाशिका. भूवराह-नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत, पण चित्रकारानं आधी बघावं ते बाहेरचं शिखर. कदंब पद्धतीचं, एकावर एक आडव्या थरांचं, पायऱ्यांसारखं निमुळतं. सकाळी दहाच्या आत प्रत्येक थराची वरची कड उजळते आणि खालची फट काळी पडते. बाराला सगळं एकजीव करडं होतं. कालचा ‘उजेड कुठे राखला?’ इथं दगडात लिहिल्यासारखा दिसतो. थर मोजायच्या आधी बाहेरचा त्रिकोण नीट आखा, नाहीतर शिखर एका बाजूला कलतं. दगडाला काळा रंग नको. अल्ट्रामरीन निळ्यामध्ये बर्न्ट सिएना मिसळून करडा करा, आणि उजळ कडांना कागद कोराच ठेवा.

कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) घ्या, हलका कागद पातळ रंगाच्या दुसऱ्याच हाताला पापडासारखा फुगतो. पावसाळ्यात खानापूर तालुक्यात जलरंग वाळतच नाहीत, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच निघा. हलशीत खाण्याच्या भरवशावर राहू नका, डबा खानापुरात बांधून घ्या. आणि उतरतानाच परतीची शेवटची बस किती वाजता ते कंडक्टरला विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.