डिस्कभोवती वर्तुळच नाही

सकाळी लॅबच्या इन्क्युबेटरमधून रुग्णाच्या नमुन्यातले जिवाणू वाढवलेली प्लेट काढली. तिच्यावर अँटिबायोटिक मुरवलेल्या छोट्या डिस्क ठेवल्या होत्या; औषध लागू पडलं तर डिस्कभोवती जिवाणू वाढत नाहीत आणि स्वच्छ वर्तुळ दिसतं. प्लेट पाहून शेजारी उभी असलेली विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, या डिस्कमध्ये औषध घालायचं राहिलंय का?"

राहिलं नव्हतं. कंट्रोल प्लेटवर, म्हणजे औषधांना दाद देणाऱ्या माहितीतल्या जिवाणूंच्या प्लेटवर, त्याच डिस्कभोवती स्वच्छ वर्तुळं उमटली होती. या प्लेटवर मात्र ई. कोलाय जिवाणू थेट डिस्कच्या कडेला भिडून वाढले होते. सहा डिस्क, सहा वेगवेगळी अँटिबायोटिक्स आणि वर्तुळ फक्त एकीभोवती. तेही अरुंद.

तिचा प्रश्न दिवसभर डोक्यातून जात नाहीये. औषध आहे, पण नसल्यासारखं. तिने अगदी नेमकं तेच पाहिलं होतं.

पोषक वातावरणात हे जिवाणू साधारण २० मिनिटांत दुप्पट होतात. शिवाय प्रतिरोधाची, म्हणजे औषधाला दाद न देण्याची, जनुकं प्लाझ्मिडवरून (डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यावरून) शेजाऱ्याला देतात, कधी कधी तर वेगळ्या प्रजातीच्या शेजाऱ्यालाही! आणि हे आपल्याला नवीन नाही. पेनिसिलिनचा अपुरा डोस घेतला तर जिवाणू प्रतिरोधक होतील, हा इशारा पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५च्या नोबेल व्याख्यानातच दिला होता.

प्लेटवर फक्त नमुना क्रमांक लिहिलेला असतो. संध्याकाळी रिपोर्टवर सही करताना हात थबकला. या क्रमांकामागच्या माणसाला आता डॉक्टर काय देणार?