डेनिस मक्गी आणि दुसऱ्या फिडलचे महत्त्व

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील फ्रेंच भाषक केजन लोकांचे संगीत म्हटले की बहुतेकांना प्रथम अकॉर्डियन आठवते. परंतु हे वाद्य तिथे रुळण्यापूर्वी घरोघरच्या नाचांना दोन फिडल (म्हणजे व्हायोलिन) पुरेशा होत असत, आणि ते जुने वादन आज ऐकायला मिळते ते बऱ्याच अंशी डेनिस मक्गी यांच्यामुळे. १८९३ साली युनिस गावाजवळ जन्मलेल्या मक्गींचे आडनाव आयरिश असले, तरी त्यांचे बोलणे-गाणे फ्रेंचमध्येच होते. त्यांनी दुसऱ्यांची जमीन वाट्याने कसली, युनिसमध्ये केस कापण्याचा व्यवसाय केला आणि फिडल वाजवली.

१९२९ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे त्यांनी सेडी कोर्व्हिल यांच्यासोबत केलेली ध्वनिमुद्रणे मला या परंपरेतील सर्वांत मोलाची वाटतात. मक्गी मुख्य चाल वाजवतात आणि कोर्व्हिल दुसरी फिडल सांभाळतात. ही दुसरी फिडल कधी तीच चाल खालच्या सप्तकात धरते, तर कधी गज एकाच वेळी दोन तारांवर फिरवून ठेका आणि स्वरांचा भरणा दोन्ही पुरवते. तिच्या आधारामुळेच मक्गींना एखादा स्वर लांबवण्याची किंवा चालीला अनपेक्षित वळण देण्याची मोकळीक मिळते. त्यांच्या संग्रहात वॉल्ट्झ होतेच, शिवाय रील, मझुर्का, पोल्का असे मागे पडत चाललेले नाचही होते. दहा बटणांच्या अकॉर्डियनमध्ये ठरावीक स्वरच असतात. त्याच्याशी जुळवून घेण्यासाठी अनेक फिडलवादक आपल्या तारा उतरवून लावू लागले, आणि त्या स्वरांत न बसणाऱ्या चाली हळूहळू नाचांतून नाहीशा झाल्या.

तरीही मक्गींनी अकॉर्डियनकडे पाठ फिरवली नाही. त्याच वर्षी त्यांनी आमेदे आर्दवाँ या क्रिओल, म्हणजे लुइझियानातील फ्रेंच भाषक कृष्णवर्णीय समाजातल्या, अकॉर्डियनवादकासोबत ध्वनिमुद्रण केले. वर्णभेद कायद्यानेच लादलेल्या त्या काळात एक गोरा आणि एक काळा वादक शेजारी बसून वाजवत होते, हे मला त्या सुरांइतकेच महत्त्वाचे वाटते. तिथे मक्गी अकॉर्डियनला झाकोळत नाहीत. आर्दवाँच्या उंच, आर्त गाण्याखाली त्यांची फिडल चाल धरून राहते. दुसऱ्याला साथ कशी द्यावी, हे त्यांना ठाऊक होते.

१९७५ मध्ये तरुण फिडलवादक मायकल डूसे शिष्यवृत्ती घेऊन जुन्या फिडलवादकांकडे शिकायला गेले, तेव्हा त्या गुरूंमध्ये मक्गीही होते. त्या वेळी त्यांनी वयाची ऐंशी ओलांडली होती. १९८९ साली, वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले; त्यांच्याकडून आलेल्या चाली डूसे यांनी पुढे आपल्या ‘बोसोले’ या वाद्यवृंदातून लुइझियानाबाहेरच्या श्रोत्यांनाही ऐकवल्या.