मिरगाच्या तोंडावर मालवण

जूनच्या पहिल्या आठवड्यात मालवणात खोली स्वस्त मिळते. पाण्यातले खेळ बंद झालेले असतात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, आणि खोली स्वस्त होण्याचं तिसरं कारण बुकिंगच्या वेळी कुणी सांगत नाही. पहिला पाऊस पडला की जमिनीत, भिंतींच्या फटीत आणि गटारात जे जे दडलेलं असतं ते कोरड्या जागेच्या शोधात निघतं. कोरडी जागा म्हणजे तुमची खोली.

आम्ही चौघं होतो. मी, नवरा, आठवीतली लेक आणि सासूबाई. देवबागच्या बाजूला, एकीकडे कर्ली नदी आणि दुसरीकडे समुद्र अशा चिंचोळ्या पट्ट्यात एका कुटुंबाने घरामागे तीन खोल्या बांधून भाड्याने दिल्या होत्या. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, दारात माड. खोली झाडून पुसून स्वच्छ होती. हे मुद्दाम सांगते, कारण झुरळ दिसलं की आपण लगेच घरमालकाच्या स्वच्छतेवर घसरतो. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर तुम्ही आरशासारखी फरशी ठेवलीत तरी ती यायची तेव्हा येतात.

पहिल्या रात्री सासूबाई बाथरूममध्ये गेल्या आणि ओरडल्या. मोरीच्या जाळीवर बोटभर लांबीचं, तांबूस तपकिरी झुरळ मिशा हलवत बसलं होतं. विज्ञान शाखेला असलेल्यांची याच्याशी जुनी ओळख असते, प्रयोगशाळेत मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या टोचून उघडायचो ते हेच. अमेरिकन झुरळ. नावात अमेरिका असली तरी मूळचं आफ्रिकेतलं, जहाजांतून जगभर पोचलेलं. ते गटारात आणि नळ्यांमध्ये राहतं, चार सेंटिमीटरपर्यंत वाढतं, आणि उकाड्याच्या रात्री उडतंसुद्धा. हे शेवटचं ज्यांना माहीत नसतं त्यांची रात्र संस्मरणीय होते. नवऱ्याची झाली.

त्याने चप्पल उचलली. चपलेने झुरळ मारणं फार अवघड, आणि त्यात मारणाऱ्याचा दोष नसतो. झुरळाच्या मागच्या टोकाला दोन बारीक शेपट्या असतात, त्यांवरच्या केसांना हवेची जराशी झुळूकसुद्धा कळते. तुमची चप्पल खाली येताना जी हवा ढकलते, त्या हवेनेच त्याला बातमी पोचते. चप्पल टेकेपर्यंत ते कपाटाखाली.

फवारा मारायचा पर्याय आमच्याकडे नव्हता. सासूबाईंना दमा आहे. बंद खोलीत फवारा मारून त्याच खोलीत त्यांना झोपवणं शक्य नव्हतं, आणि बाहेर पाऊस कोसळत असताना त्यांना पडवीत किती वेळ बसवणार? तसंही मोरीतल्या एखाद्या झुरळावर फवारा मारला की ते अर्धवट झिंगून नेमकं बाहेर, खोलीत धावतं. त्यामुळे शाम्पू उपयोगी पडला. मगभर पाण्यात दोन पुड्या शाम्पू ढवळायचा आणि झुरळावर ओतायचा. झुरळ नाकाने श्वास घेत नाही, त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक छिद्रं असतात. साधं पाणी त्यावरून ओघळून जातं, साबणाचं पाणी आत शिरतं. मिनिटभरात काम होतं, वास नाही, विष नाही, आणि वर फरशीही धुऊन निघते.

पण एक मारलं म्हणजे झालं असं नाही. ती येतात कुठून, हे बघायला हवं होतं. सकाळी काकींना (घरमालकीण, आम्ही त्यांना काकीच म्हणायला लागलो) विचारलं तर त्या हसल्या. "घाबरतास कित्याक? पुण्यात झुरळां नसतत?" असतात हो काकी, पण ती आमची असतात.

मोरीच्या जाळीखाली नळीला एक वाक असतो. त्या वाकात पाणी साठून राहतं, आणि गटार आणि खोली यांच्यात तेवढाच पडदा असतो. खोली बरेच दिवस रिकामी राहिली की उन्हाळ्यात ते पाणी वाळतं आणि गटाराचा रस्ता थेट आत उघडतो. आमच्या आधी ती खोली मे महिन्याच्या मध्यापासून बंद होती. मी मोरीत दोन बादल्या पाणी ओतलं, बेसिनमध्ये आणि कमोडमध्येही, आणि रात्री झोपण्यापूर्वी जाळीवर बादली पालथी घातली. दुपारी काकींच्या मुलाने मालवणच्या बाजारातून झाकणाची जाळी आणून बसवली. त्यानंतर मोरीतून एकही आलं नाही. आता कुठल्याही बंद खोलीत शिरले की मी आधी मोरीत पाणी ओतते, मग पंखा लावते.

सासूबाईंचा मात्र खडूवर विश्वास. त्यांनी पिशवीतून झुरळांचा खडू काढून पलंगाभोवती गोल आखला. हा खडू म्हणजे चुन्यात मिसळलेलं कीटकनाशकच असतं. लहान मुलाच्या हाती लागू नये आणि हात धुवावे एवढं पथ्य पाळलं तर तसा ठीक. त्या रात्री एक झुरळ रेषेवरून नाही, कौलाच्या वाश्यावरून आलं आणि रेषेच्या बरोबर मध्ये, मच्छरदाणीवर उतरलं. कौलारू घरात छत बंद करता येत नाही हे एकदा मान्य केलं की बरं वाटतं. त्या छतावर पालींचं राज्य होतं, आणि लेकीला मी बजावून ठेवलं होतं की पाल हाकलायची नाही. तिचा पगार आपण देत नाही, पण ती रात्रपाळी करते. सासूबाईंना पाल चुकचुकली की शुभ वाटतं, त्यामुळे त्या आघाडीवर घरात एकमत होतं.

दुसऱ्या संध्याकाळी पाऊस थांबला आणि वाळवीला पंख फुटले. ज्याने हे बघितलेलं नाही त्याला सांगून पटणार नाही. पहिल्या पावसानंतर वारुळांतून नर-माद्या हजारोंनी उडतात, दिव्याकडे झेपावतात, पंख गाळतात आणि जोडीने सरपटत निघून जातात. आमच्या खोलीत पांढरा लख्ख एलईडी. दहा मिनिटांत चादरीवर पंखांचा थर साचला, चहाच्या कपात किडे, सासूबाईंच्या पोथीवर किडे. काकी दारातूनच ओरडल्या, "लायट बंद करा आधी! भायली लायट चालू ठेवा, नि खाली पाण्याचा घमेला ठेवा. तेंका लायट होयी, तुमी नको."

अंगणातला दिवा लावला, खाली घमेल्यात पाणी ठेवलं, खोली अंधारी केली. पाण्यात दिव्याचं प्रतिबिंब पडतं, किडे त्यावर येऊन पडतात. अर्ध्या तासात घमेलं भरलं आणि भोवती चार बेडूक जेवायला बसले. पांढऱ्या-निळ्या दिव्याकडे किडे जास्त येतात, पिवळ्या दिव्याकडे त्या मानाने कमी. काकींच्या स्वयंपाकघरात म्हणूनच अजून पिवळा बल्ब आहे. आम्ही उरलेल्या संध्याकाळी पडवीत अंधारातच गप्पा मारल्या. लेकीचा मोबाईल आपोआप बाजूला गेला, कारण पडदा उजळला की किडा नाकावर. समोरच्या कुंपणावर काजवे होते, ते आधी दिसलेच नव्हते.

त्या दिवे-प्रकरणातच खरा त्रास झाला होता, आणि तो आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारी कळला. लेकीच्या मानेवर तांबडी, चाबकाचा फटका बसावा तशी लांबट रेघ उठली. आग होत होती, आणि संध्याकाळपर्यंत त्यावर बारीक फोड आले. सासूबाईंनी निदान केलं, नागीण. नवऱ्याच्या मते काहीतरी चावलं. दोन्ही चूक.

मालवणातल्या डॉक्टरांनी लांबूनच ओळखलं. "काल रात्री मानेवर काहीतरी चिरडलंस ना?" लेकीला आठवलं, किडा वळवळला म्हणून हाताने पुसला होता. सेंटिमीटरभरही नसलेला, मुंगीसारखा लांबट, नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांचा, मध्ये निळसर काळ्या पंखांचं आखूड झाकण. हल्ली लोक त्याला अ‍ॅसिड फ्लाय म्हणतात, पण तो माशी नाही, भुंगेऱ्यांच्या जातीतला आहे. तो चावत नाही, डंखही मारत नाही. त्याच्या अंगातल्या द्रवात पेडेरिन नावाचं द्रव्य असतं, किडा चिरडला की ते कातडीला लागतं, आणि भाजल्यासारखा चट्टा लगेच नाही, बऱ्याच तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी उठतो. म्हणून कुणाला दोघांचा संबंध लागत नाही. भातशेतीच्या ओलसर जमिनीत तो राहतो, पिकावरचे किडे खातो, शेतकऱ्याच्या कामाचा आहे. फक्त रात्री दिव्याला येतो.

डॉक्टरांनी थंड पाण्याच्या घड्या ठेवायला सांगितल्या, एक मलम दिलं, आणि तोच हात डोळ्याला लावायचा नाही असं दोनदा बजावलं. फोड सुकायला आठवडा ते दहा दिवस, डाग जायला काही आठवडे. असा किडा अंगावर बसला तर फुंकर मारून उडवायचा किंवा कागदावर चढवून बाजूला करायचा, चिरडायचा नाही. चुकून चिरडला तर लगेच साबणाने धुवायचं. त्या दिवशी दवाखान्यात आणखी एक बाई बसल्या होत्या, कोपराच्या वळणावर समोरासमोर दोन चट्टे घेऊन. हात दुमडला की एकाचा ठसा दुसऱ्यावर उठतो.

मला गंमत याची वाटली की दोन दिवस आम्ही चौघं शाम्पूचा मग घेऊन झुरळाच्या मागे होतो, आणि त्यानं आमचं काहीच केलं नव्हतं. झुरळ निरुपद्रवी आहे असं मी म्हणणार नाही. गटारातून येतं, पायांना जंतू घेऊन अन्नावर फिरतं, आणि त्याच्या विष्ठेने दमेकऱ्यांचा दमा वाढतो, त्यामुळे सासूबाईंसाठी ते बाहेरच बरं. पण किंचाळायचंच तर त्या नारिंगी किड्याला बघून किंचाळावं.

उरलेल्यांचं लवकर सांगते. डासांसाठी काकींची जुनी मच्छरदाणी, चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली. याहून चांगला उपाय मी अजून बघितलेला नाही. दिवसा ओडोमॉस. चपला आणि बूट घालण्याआधी आपटायचे, कारण त्यात घोण शिरते आणि तिचा चावा चांगलाच ठणकतो. बागेत तांबडा मखमली मृगाचा किडा दिसला तर बघत बसायचं, तो काही करत नाही. वाणीला हात लावला की ती पैशासारखी गुंडाळते, तिलाही सोडून द्यायचं. आंब्याच्या झाडावर पानं शिवून घरटं केलेलं दिसलं तर त्याखाली उभं राहायचं नाही, लाल मुंग्या वरून पडतात.

खायच्या वस्तूंचं मात्र नीट करायला हवं होतं. आम्ही घरून लाडू-चकल्या नेल्या होत्या, सगळं स्टीलच्या डब्यात. नवऱ्याने फरसाणाची पिशवी चिमटा लावून टेबलावर ठेवली, आणि सकाळी तिच्यात वेगळी झुरळं होती. बारीक, फिकट, डोक्यामागे दोन काळ्या उभ्या रेघा. जर्मन झुरळ. मोरीतलं मोठं झुरळ ओंगळ दिसतं, पण ते सहसा तुमच्याबरोबर घरी येत नाही. हे छोटं येतं. मादी अंड्यांची पिशवी पिल्लं निघण्याच्या बेतापर्यंत मागे चिकटवूनच हिंडते, एका पिशवीत तीस-चाळीस अंडी. बॅगेच्या शिवणीत अशी एक मादी पुण्याला पोचली की झालं. आणि हे जर्मन तरी कुठलं? 2024 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात असं निघालं की याची उत्पत्ती सुमारे 2100 वर्षांपूर्वी भारतात किंवा म्यानमारमध्ये झाली. म्हणजे आपलंच आहे, फक्त पासपोर्ट परदेशी.

तेव्हापासून बॅगा जमिनीवर नाहीत, खिडकीच्या गजाला टांगलेल्या, चेन बंद. मळके कपडे गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत. निघताना बाजारातून कोकमं, काजू आणि खाजा घेतला, तेव्हा दुकानदाराने सगळं पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून दिलं. मी ते दुकानाच्या पायरीवरच डब्यांत आणि पिशव्यांत ओतलं आणि खोकी परत केली. पुठ्ठ्याच्या नागमोडी पोकळीत झुरळ लपतं, अंडीही ठेवतं. दुकानदाराने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी समजू शकते.

एवढं करून सासूबाईंनी काकींकडून हंगामातल्या शेवटच्या आंब्यांची लाकडी पेटी घेतलीच, गवतात भरलेली. "आंबे गवतातच पिकतात," या वाक्यापुढे कुणाचं चालत नाही. पुण्यात पोचल्यावर मी पेटी वर नेऊ दिली नाही. पार्किंगमध्ये वर्तमानपत्र पसरून आंबे एकेक पुसून टोपलीत काढले. गवतातून एक गोम, दोन कोळी आणि ते रेघावालं एक बारीक झुरळ निघालं. गोम पळाली, झुरळ मी चपलेने मारलं आणि ते पहिल्याच फटक्यात मेलं, बहुधा प्रवासाने थकलं असावं. लेकीने मानेवरचा डाग झाकत विचारलं, आता बॅगा पण इथेच उघडायच्या का? हो, बॅगा पण इथेच. तेवढ्यात वॉचमन आला आणि म्हणाला, मॅडम, पेटी टाकणार असाल तर मी नेतो, माझ्याकडे कांदे ठेवायला बरी. मी म्हटलं, न्या, पण आधी उन्हात आपटून घ्या, आणि गवत इथेच राहू द्या.