गळ टाकला, गळ घातली

सकाळी साडेआठच्या सुमाराला कल्याण-डोंबिवलीची गर्दी पोटात घेऊन फास्ट गाडी ठाण्याच्या फलाटाला लागते, तेव्हा मराठीतली चार-पाच क्रियापदं एकाच दारात कामाला लागतात. ढकलतो तो एक माणूस, आणि तेही एकदाच. ज्याला ढकललं तो वळून बघतो. रेटणं सलग चालतं, वीतवीत पुढे सरकतं. त्याचा 'रेटा' झाला की करणारा गायबच होतो. "मागून रेटा आला" या उत्तरावर भांडणार कुणाशी? लोकांचा रेटा असतो, एकट्या माणसाचा कधी ऐकलाय? आत शिरल्यावर कुणी कुणाला मुद्दाम चेंगरत नाही, आपणच चेंगरतो.

समानार्थी शब्दांच्या यादीत हे सगळे स्वल्पविराम देऊन एका ओळीत उभे असतात. पहिली चूक तिथेच होते. या शब्दांची ओळख पटते ती त्यांच्या क्रियापदावरून.

दाब मोजता येतो: रक्ताचा, हवेचा, टायरमधला. घोडबंदरच्या चौदाव्या मजल्यावर नळाची धार बारीक झाली की "पाण्याला प्रेशर नाही" म्हणतात. तिथे 'दाब' चालेल, 'दबाव' नाही, कारण दबावाला माणूस लागतो. दबाव कुणीतरी आणतो, दुसरा त्याला बळी पडतो किंवा तो झुगारतो. दडपण मात्र आपलं आपण येतं. दहावीच्या मुलावर घरचे सायन्ससाठी दबाव आणतील. पेपरच्या आदल्या रात्री त्याला येतं ते दडपण, आणि वर्षभर पुरतो तो ताण. बातम्यांतला फलंदाज हल्ली सारखा 'दबावाखाली' खेळतो. कुणी आणला, ते काही कळत नाही. बिचाऱ्याला दडपण आलेलं असतं, एवढंच. ऑफिसात "खूप प्रेशर आहे" खपून जातं, पण भरल्या गाडीत "प्रेशर आलंय" म्हणू नये. लोक वाट करून देतात, पण भलत्याच समजुतीने.

लिंगाचीही गंमत आहे. तलावात गळ टाकला, तो मासा पकडायचा, पुल्लिंगी. मित्राला जामीन राहण्यासाठी गळ घातली, ती स्त्रीलिंगी. 'गळ घातला' लिहिलं की वाक्य बिघडलंच. गळ घालण्यात गोडी असते, नकाराला जागा असते. भरीस पाडण्यात ती जागा उरत नाही, आणि माथी मारण्यात तर विचारलेलंच नसतं.

कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला पुढची पायरी तोंडपाठ असते. मेंटेनन्स थकला की आधी आठवण, मग तगादा. तगादा फारसी तकाज्यातून आला. मागणाऱ्याचं खरोखर येणं असतं तेव्हाच तो शोभतो. येणं-बिणं काही नसताना "लिफ्टला आरसा लावा" म्हणून रोज मागे लागणारा सभासद लावतो तो लकडा. थकबाकीवर सोसायटीच्या उपविधींप्रमाणे, म्हणजे नियमावलीप्रमाणे, सरळव्याज लावता येतं, तरी ते व्याज म्हणजे सक्ती नव्हे. सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडून वसुलीचा दाखला हातात पडला की मग 'सक्तीची वसुली'. त्याआधीच नोटिशीत हा शब्द घालणारे सेक्रेटरी उगाच स्वतःवर वाद ओढवून घेतात.

आणि ससेमिरा. एका झाडावर राजपुत्र आणि अस्वल, खाली वाघ. अस्वलाने झोपलेल्या राजपुत्राला सांभाळलं. अस्वल झोपल्यावर राजपुत्राने त्यालाच खाली ढकललं. अस्वलाच्या शापाने वेडा झालेला राजपुत्र 'ससेमिरा, ससेमिरा' एवढंच बडबडत राहिला. सिंहासनबत्तिशीतल्या या कथेत ती चार अक्षरं म्हणजे चार श्लोकांची पहिली अक्षरं; एकेक श्लोक ऐकला तसं एकेक अक्षर सुटलं. म्हणून ससेमिरा मागे लागतो, चुकवावा लागतो. तो चौकशीचा असतो, प्रेमाचा नसतो.

'जबरदस्त' हाही फारसी. जबर म्हणजे वर, दस्त म्हणजे हात: वरचा हात. मामलेदारची मिसळ जबरदस्त; तीच पाहुण्याच्या ताटलीत तिसऱ्यांदा वाढली की जबरदस्ती. एका ईकाराने कौतुकाची तक्रार होते. कायद्यालाही असे भेद लागतात. 1872 च्या करार कायद्यात कलम 15 धमकी देऊन घेतलेल्या संमतीचं आहे, आणि 16 आपलं वजन वापरून मिळवलेल्या संमतीचं. पुनर्विकासाच्या कागदावर सही करताना दुसरं ओळखणं जास्त अवघड, कारण तिथे आवाज चढलेला नसतो.

या सगळ्यांत अस्सल मराठी भीड. ती आपली आपल्यालाच पडते. गणपतीच्या आधी नौपाड्यातल्या दुकानात चार ओळखीची पोरं येतात. पावतीपुस्तक उघडलेलं, नाव घातलेलं, पुढे 1001 आकडाही लिहिलेला. "काका, तुमच्या इच्छेने." यात सक्ती दाखवून द्या म्हटलं तर सापडणार नाही. गिऱ्हाईक बघत असतं, पोरांतला एक शेजारच्याचा मुलगा असतो, आणि काका गल्ला उघडतात. भिडेखातर.

पण चेपणं हे क्रियापद विलक्षण आहे. गळा चेपतात, पायही चेपतात, आणि भीडसुद्धा चेपते. पुढच्या वर्षी पावतीपुस्तक समोर आलं की तेच काका चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "खोड तो आकडा. 251 लिही."