माझ्या बाजूची खिडकी

धुळ्यात मोटार चालवायला शिकवण्याचे काम मी गेली एकवीस वर्षे करीत आहे. या कामात माणसाची जागा ठरलेली असते, ती म्हणजे शिकणाऱ्याच्या डावीकडची. पायाखाली जादा बसवलेला क्लच आणि ब्रेक, समोर वाढवून लावलेला दुसरा आरसा आणि डाव्या हाताला खिडकी, एवढाच माझा कारभार. शिकाऊ परवानाधारकासोबत प्रशिक्षक असावा आणि त्याने गाडी आवरता किंवा थांबवता येईल अशा जागी बसावे, असे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील तिसरा नियम सांगतो. म्हणजे स्टिअरिंग कोणाच्याही हाती असले तरी गाडी न थांबल्याचा दोष माझ्याकडेच येतो. ही गोष्ट मी प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी अभिमानाने सांगत असे. त्या नियमाचा खरा भार मात्र कापसाच्या हंगामातील एका सकाळी माझ्या लक्षात आला.

त्या दिवशी साडेसातच्या फेरीला एक शिक्षिका गाडी चालवत होत्या आणि मागच्या सीटवर आपल्या पाळीची वाट पाहत एक कॉलेजचा मुलगा बसला होता. मॅडमचा तो अकरावा दिवस होता. गिअर बदलताना खाली पाहण्याची सवय मोडली होती, चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवणे जमू लागले होते, म्हणून मी त्यांना अमळनेरकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळणाऱ्या एका गावरस्त्याला घेतले. पांझरा नदीकडून येणारे धुके नुकतेच विरले होते. डांबर जेमतेम साडेपाच मीटर रुंद, दोन्ही बाजूंना बाभळी आणि साइडपट्टी पावसाळ्यात खचून डांबराच्या खाली चार बोटे गेलेली, असा तो रस्ता. वाहतूक कमी असते म्हणून आम्ही प्रशिक्षक लोक असे रस्ते पसंत करतो. ज्यांची ती रोजची वाट असते त्यांना आमची पसंती कशी वाटते, हे कोणी विचारत नाही.

दूधवाले सायकलवरून गावाकडून शहराच्या दिशेने, म्हणजे आमच्या समोरून, येतील अशी माझी अपेक्षा होती, कारण त्या वेळेला दूध शहराकडेच जाते. एक वृद्ध दूधवाले आबा मात्र आमच्याच दिशेने, आमच्या पुढे चालले होते; पलीकडच्या वस्तीवरून दूध गोळा करून ते गावातल्या डेअरीवर घालायला निघाले होते, हे नंतर कळले. जुनी काळी बावीस इंची सायकल, कॅरिअरच्या दोन्ही अंगांना लोंबकळणाऱ्या दोन कॅन, डोक्याला मफलर. समोरून कापसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली येत होती आणि तिच्यावरची कापसाची पोती दोन्हीकडे चांगलीच बाहेर आलेली होती. आमचा वेग चाळीसच्या आसपास होता.

मॅडमनी जे केले ते शिकवल्याबरहुकूम केले. त्यांनी आरसा पाहिला, उजवा इंडिकेटर दिला, सायकल आठ-दहा मीटरवर आली तेव्हा हॉर्न लांबवर दाबून धरला आणि ट्रॉली येण्याआधी निघून जावे म्हणून पाय ॲक्सिलरेटरवर टेकवला. आबा दचकले. मागे काय आहे हे पाहण्यासाठी त्यांनी मान उजवीकडे वळवली, आणि मान वळली की सायकलचे हँडलही त्याच बाजूला येते, तसे ते आले. त्यांचा उजवा हात माझ्या खिडकीच्या दिशेने येताना मला दिसला. मी क्लच आणि ब्रेक एकदम दाबले, गाडी घसरत थांबली. ट्रॉली धुरळा उडवीत निघून गेली. आबांनी सायकल झटक्यात डावीकडे ओढली, पुढचे चाक डांबराच्या कडेवरून साइडपट्टीत उतरले, तेथून वर चढता चढता अडले आणि ते कॅनसह बाभळीच्या बाजूला पडले.

गाडीचा त्यांना स्पर्शही झाला नव्हता. तरीही उतरून त्यांच्याकडे जाताना माझे पाय थरथरत होते.

मी विचारले, "आबा, कोठे लागनं?"

"लागनं नही जास्त. पहिले कॅन उभी कर भाऊ, दूध वाही ऱ्हायनं."

एका कॅनचे झाकण निघून सहा-सात लिटर दूध मातीत गेले होते. कॉलेजचा मुलगा धावत आला आणि त्याने कॅन उचलली. आबांचा गुडघा सोलवटला होता, तळहातात खडे रुतले होते. मॅडम स्टिअरिंगवर हात ठेवून तशाच बसून होत्या. आबांना त्या गाडीत दिसल्या, तेव्हा त्यांनी आवाज न चढवता मला जे सांगितले ते मी अजून विसरलेलो नाही. "गाडीनी नही पाडं भाऊ माले, भोंगानी पाडं. मांगे गाडी शे हाई माले आयकू येस."

मागून गाडी येत आहे हे त्यांना ऐकू येतच होते. रिकाम्या रस्त्यावर, बाभळीच्या ओळीत, सकाळच्या शांततेत मोटारीचा आवाज अर्धा फर्लांग आधीपासून येतो. मग आमच्या हॉर्नने त्यांना नवे असे काय कळले?

आम्ही त्यांना गावच्या उपकेंद्रावर नेले. तिथल्या सिस्टरनी जखम धुऊन धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. गाडी लागलेली नसल्यामुळे याला अपघात म्हणावे की नाही, हा प्रश्न तिथे कोणी काढला नाही आणि मीही काढला नाही. माझ्या नोंदवहीत मात्र मी तो अपघात म्हणूनच लिहिला. मी आबांपुढे पाचशेची नोट धरली. त्यांनी सांडलेल्या दुधाचा डेअरीच्या भावाने हिशेब केला, तेवढेच पैसे ठेवून घेतले आणि उरलेले मुलाकडून सुटे करवून परत केले. गुडघ्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

परतताना गाडी मी चालवत होतो. बऱ्याच वेळाने मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्हीच सांगितलं होतं ना, सायकलवाला दिसला की लांबूनच हॉर्न द्यायचा आणि न रेंगाळता निघून जायचं?"

होय, मीच सांगितले होते. एकवीस वर्षे शेकडो लोकांना सांगितले होते, आणि मला ते माझ्या उस्तादांनी ट्रकच्या केबिनमध्ये बसवून सांगितले होते. ट्रकच्या पाठीवर हॉर्न वाजवण्याची विनंती रंगवण्यास आपल्या राज्यात २०१५ साली बंदी आली. पाटीवरचा रंग खरवडता येतो, पण माझ्यासारख्या शिकवणाऱ्याच्या तोंडातून ते वाक्य जाणे अधिक अवघड आहे. लांबून एकदा हलका आवाज देणे वेगळे आणि पाठीशी येऊन हॉर्न दाबून धरणे वेगळे, हा भेद मी कधी स्पष्ट केलाच नव्हता, कारण माझ्यासाठी दोन्हींचा अर्थ एकच होता: बाजूला हो.

बाजूला होणे म्हणजे सायकलवाल्याच्या दृष्टीने काय, हे त्या रात्री मी कागदावर मांडून पाहिले. साडेपाच मीटरच्या डांबरावर ट्रॉली अडीच मीटर, आमची मोटार पावणेदोनच्या जरा आत, कॅन लोंबणारी सायकल सुमारे एक मीटर. बेरीज सव्वापाच मीटरच्या घरात जाते. तिघांमधल्या आणि दोन्ही कडांच्या सर्व फटींना मिळून पंचवीस सेंटिमीटर उरतात. म्हणजे तिघे एका ओळीत आले तर कोणीतरी डांबर सोडलेच पाहिजे, आणि ते कोण हे आम्ही हॉर्न दाबून ठरवतो. खचलेल्या साइडपट्टीत मोटारीचे चाक उतरले तर गाडीला हिसका बसतो. सायकलचे उतरले तर माणूस पडतो. त्यातून कॅरिअरवर वीस-पंचवीस किलो वजन असले की पुढचे चाक हलके होते आणि वेग कमी असताना सायकल सरळ रेषेत न जाता हातभर इकडे-तिकडे डुलत जाते. हा डोल सायकलवाल्याचा बेशिस्तपणा नसतो, तोल सांभाळण्याची ती रीतच आहे. जर्मनीत २०२० पासून सायकलला ओलांडताना शहरात दीड मीटर आणि शहराबाहेर दोन मीटर अंतर सोडण्याचा नियम आहे. आमच्या गावरस्त्यावर दोन मीटर सोडायचे म्हटले तर समोरून कोणी येत असताना ओलांडायचेच नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो, आणि मला वाटते तो अर्थ अगदी बरोबर आहे.

दुसरा हिशेब वेळेचा. आबांचा वेग ताशी बारा किलोमीटर धरला आणि ट्रॉली जाईपर्यंत दोनशे मीटर त्यांच्या मागे राहावे लागले असते असे मानले, तर त्या अंतराला साठ सेकंद लागले असते. चाळीसच्या वेगाने ते अठरा सेकंदांत कापले जाते. आम्ही बेचाळीस सेकंद वाचवायला निघालो होतो, आणि तेही अशा फेरीत जिथे कुठेच पोहोचायचे नव्हते.

त्यानंतर मी शिकवण्याचा क्रम बदलला. आता प्रत्येक शिकणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात एक फेरी माझ्या सीटवर बसवतो आणि गाडी स्वतः चालवतो. उजवीकडे बसलेल्याला सायकल गाडीच्या डाव्या कोपऱ्यापाशी नाहीशी होताना दिसते; डावीकडे बसलेल्याच्या ती खिडकीलगतून जाते, त्याला माणसाचा चेहरा आणि हँडल घट्ट धरलेली बोटे दिसतात. बहुतेक जण या फेरीत नकळत उजवीकडे सरकून बसतात. एकदा एका बँक अधिकाऱ्यांनी "सर, जरा लांबून घ्या" असे म्हणून माझा जादा ब्रेक दाबला, तेव्हा रागावण्याऐवजी मला समाधान वाटले. मग मैदानावर फक्कीची रेघ मारून तिच्या बाजूने दीड मीटर सोडून गाडी नेण्याचा सराव घेतो. डाव्या चाकाचा अंदाज येण्याआधी कोणालाही गावरस्त्यावर नेत नाही. आणि सायकल पुढे असून समोरून वाहन येत असेल तर दुसरा गिअर टाकून मागे राहायचे, हॉर्नवरचा हात काढून घ्यायचा, हा आता आमच्याकडे शिकवणीचाच भाग झाला आहे. मागून येणारे जीपवाले यावर आमच्यावर हॉर्न वाजवतात, ते सोसावे लागते. 'एल' पाटी लावलेल्या गाडीकडून त्यांची फारशी अपेक्षाही नसते.

मॅडम तीन दिवस आल्या नाहीत. चौथ्या दिवशी मीच फोन केला आणि त्या दिवशीची चूक तुमची नव्हती, शिकवणाऱ्याची होती, असे सांगितले. त्या आल्या.

आबांकडे मी पंधरा दिवसांनी गेलो. सायकलवाल्याच्या बाजूनेही काही राहून गेले होते, हे सांगायला मला संकोच वाटत होता, पण ते खरे होते: त्यांच्या सायकलला मागे लाल रिफ्लेक्टर नव्हता, घंटी गंजून मुकी झाली होती, आणि हिवाळ्यात ते अंधारातच घराबाहेर पडत. मी मडगार्डला आणि दोन्ही कॅनच्या मागच्या अंगाला चकाकणारी लाल पट्टी चिकटवून दिली. घंटीचे झाकण खोलून तेल घातले, तेव्हा त्यांनी ती पाच-सहा वेळा वाजवून पाहिली आणि नातवालाही वाजवू दिली. मागे गाडी थांबून राहिलेली दिसली तर काय करावे, हे मी त्यांना सांगितले नाही. ते त्यांनी स्वतःच ठरवले असावे.

कारण फेब्रुवारीत, मॅडमची परीक्षा दोन दिवसांवर असताना, त्याच रस्त्यावर आबा पुन्हा आमच्या पुढे होते. समोरून एक मालवाहू टेम्पो येत होता. मॅडमनी न सांगता गिअर उतरवला आणि गाडी चांगली पंधरा मीटर मागे ठेवली. टेम्पो गेला. पुढे एका शेताच्या फाट्यापाशी साइडपट्टी पक्की होती; आबा मागे न पाहता तिकडे सरकले आणि डावा हात हँडलवर ठेवून उजव्या हाताने पुढे जाण्याची खूण केली. मॅडमनी उजवा इंडिकेटर देऊन रस्त्याची पलीकडची बाजू धरली आणि अंतर ठेवून गाडी पुढे काढली. आभार मानावेत म्हणून त्यांचा हात हॉर्नकडे गेला, तो मी वाटेतच थोपवला आणि माझ्या बाजूच्या खिडकीतून हात बाहेर काढून वर केला.

आरशात पाहिले, तर आबा घंटी वाजवत होते.