त्यांचा फोन, माझी किल्ली

शुक्रवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी टेबलावरचा फोन आपोआप बंद झाला, पुन्हा सुरू झाला आणि कोऱ्या फोनसारखा विचारू लागला: भाषा निवडा. मी त्याला हातही लावला नव्हता. शेजारचा लॅपटॉप निळ्या पडद्यावर येऊन थांबला होता आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागत होता. ती की माझ्याकडे कधीच नव्हती. दोन्ही वस्तू क्लायंटच्या. माझ्या स्वतःच्या फोनवर मेल येऊन पडला होता: प्रकल्प थांबवत आहोत, करार आजपासून संपला, साधनं सात दिवसांत परत पाठवावीत.

अकरा वर्षं मी डेटाबेसची कामं स्वतंत्रपणे घेते. काम असं मध्येच तुटणं मला नवीन नाही. वाईट वाटलं, पण मी सावरलेही असते. पावणेपाचला दुसऱ्या क्लायंटकडून फोन आला.

"ताई, सगळं बंद पडलंय. डिस्क शंभर टक्के भरली म्हणतोय."

तिथला हा मुलगा माझ्यासोबत तीन वर्षं काम करतोय. सर्व्हर, नेटवर्क, प्रिंटर सगळं तोच बघतो, डेटाबेस माझ्याकडे. मी माझा लॅपटॉप उघडला, लॉगिनला गेले आणि पडद्याने सहा आकडी कोड मागितला. तो कोड देणारं ॲप अर्ध्या तासापूर्वी पुसल्या गेलेल्या फोनवर होतं.

हा कोड दर ३० सेकंदांनी बदलतो. तो कुठून पाठवला जात नाही. फोनमध्ये साठवलेलं एक गुपित आणि घड्याळातली वेळ यांच्यावरून फोन तो जागेवरच तयार करतो. म्हणून नेटवर्क नसलं तरी तो चालतो, आणि म्हणूनच फोन पुसला की कोड परत मागायला कोणी उरत नाही. अशा वेळेसाठी मिळणारे राखीव कोड मी घेतले होते. त्यांचा स्क्रीनशॉट त्याच फोनमध्ये होता.

दुसऱ्या क्लायंटची किल्ली पहिल्या क्लायंटच्या फोनवर का ठेवली? त्या आठवड्यात माझा फोन दुरुस्तीला होता, क्यूआर कोड समोर होता आणि हा फोन हातात होता. नंतर हलवू म्हटलं. चार महिने तो फोन चोवीस तास माझ्याजवळ होता, कारण रात्रीचे अलार्म त्यावर यायचे. जी वस्तू उशाशी असते ती आपलीच वाटायला लागते.

सर्व्हर भाड्याने देणाऱ्या होस्टिंगवाल्यांकडून माझी ओळख पटवून नवा कोड मिळायला एक दिवस जाणार होता. त्या मुलाकडे मात्र होस्टिंगच्या पॅनेलमधून सर्व्हरला लिहून आज्ञा द्यायचा काळा पडदा उघडायची सोय होती. म्हटलं, तू वाच, मी सांगते.

त्याने वाचलं आणि लगेच म्हणाला, "ताई, पीजी-वॉल नावाच्या फोल्डरमध्येच सगळी जागा गेलीय. जुन्या फाइली उडवू का?"

मी जवळजवळ ओरडलेच. पोस्टग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या डेटाबेसच्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रत्येक बदल आधी त्या फोल्डरमध्ये लिहिला जातो आणि मग मुख्य फाइलींत उतरतो. वीज गेली, यंत्र कोसळलं, तर डेटाबेस त्या नोंदी वाचूनच स्वतःला सावरतो. त्या उडवल्या तर तो कदाचित पुन्हा उभाच राहणार नाही. या फोल्डरचं जुनं नाव पीजी-एक्सलॉग होतं. 'लॉग' हा शब्द बघून लोक बिनधास्त पुसायचे, म्हणून २०१७ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीत नाव बदलावं लागलं. नाव बदलूनही हात तिकडेच जातो, कारण सगळ्यात मोठं फोल्डर तेच दिसतं.

त्याच्याकडून दोन-चार ओळी वाचून घेतल्यावर कारण कळलं. या नोंदींची प्रत दुसऱ्या यंत्रावर पाठवली जाते. त्या यंत्राचा पासवर्ड कोणीतरी बदलला होता. प्रत पोहोचली असा निरोप मिळेपर्यंत पोस्टग्रेस एकही फाइल सोडत नाही, आणि फाइल असते १६ एमबीची. पासवर्ड बदलल्यापासून त्या साचत गेल्या, जागा संपली आणि डेटाबेसने स्वतःला बंद करून घेतलं. ते त्याने शहाणपणाचंच केलं.

सुरू करायचा तर थोडी जागा हवी, आणि जागाच नाही. माझ्या हाताखालच्या प्रत्येक सर्व्हरवर मी २ जीबीची एक नुसती जागा अडवणारी फाइल ठेवते. तिच्यात कामाचं काही नसतं, तिचा एरवी काही उपयोगही नसतो. अशाच दिवशी ती उडवायची. या सवयीवरून मी बोलणी खाल्ली आहेत, 'एवढी जागा वाया का घालवता' म्हणून. ती फाइल कुठे आहे ते त्याला सांगितलं, त्याने पुसली, आणि १६ एमबीच्या १२८ फाइली मावतील एवढी जागा झाली. डेटाबेस सुरू केला. त्याने नोंदी वाचून स्वतःला सावरायला सात मिनिटं घेतली. त्या सात मिनिटांत आम्ही दोघं काहीही बोललो नाही, फक्त त्याच्या पंख्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "चालू झालं." पुढे त्याने नवा पासवर्ड घातला, साचलेल्या फाइली एकेक करून पलीकडे गेल्या आणि साडेसहाला डिस्क मोकळी झाली.

माझ्या पडद्यावर या सगळ्या वेळात सहा रिकामे चौकोन होते.

पहिल्या क्लायंटच्या आयटी विभागावर मला राग काढता येत नाही. अशी साधनं दुरून सांभाळणाऱ्या प्रणालीत दोन बटणं असतात. एक फक्त कंपनीचे मेल, फाइली आणि ॲप काढून घेतं. दुसरं फोन कारखान्यातून आला तसा करतं. तुमच्या स्वतःच्या ॲण्ड्रॉइड फोनवर कामाची वेगळी प्रोफाइल केलेली असेल, म्हणजे छोट्या बॅगेचं चिन्ह असलेली ॲप्स, तर कंपनी तो कप्पाच रिकामा करू शकते. पण हा फोन अख्खा त्यांचा होता. करार संपला की दुसरं बटण दाबायचं, हे त्यांच्या यादीत आधीपासून लिहिलेलं. मी सही केलेल्या कागदातही होतं: पूर्वसूचना न देता पुसलं जाऊ शकतं.

राग आहे तो त्या कागदावर. तो कर्मचाऱ्यांचाच कागद होता, नाव बदलून माझ्यापुढे ठेवलेला. कुठली साइट उघडली, किती वेळ कीबोर्ड थंड होता, हे सगळं बघायची परवानगी त्यात होती. म्हणजे नजर ठेवताना मी कर्मचारी, आणि काढताना बाहेरची, एका मेलवर. अमेरिकेच्या कर खात्याने १९८७ साली कर्मचारी कोण आणि स्वतंत्र कोण हे ओळखायला २० कसोट्यांची यादी काढली होती. हत्यारं कोण पुरवतं, ही त्यातलीच एक. एका कसोटीवर निकाल लागत नाही हे खरं. पण कामाची वेळ त्यांची, यंत्र त्यांचं, नजर त्यांची, असं एकेक जमत गेलं की 'स्वतंत्र' हा शब्द फक्त बिलावर उरतो. 'फुकट लॅपटॉप मिळतोय, घेऊन टाक,' असं सांगणारे आमच्यातले अनुभवी लोक याचा विचार करत नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे.

तरीही 'कधीच घेऊ नये' असं मला म्हणता येत नाही, आणि माझी अडचण नेमकी इथे आहे. पाच वर्षांपूर्वी मी सगळं स्वतःच्याच लॅपटॉपवर करायची. एका क्लायंटचा डेटा बाहेर गेला. त्यात माझा काही संबंध नव्हता, पण ज्यांच्याकडे डेटा होता त्या सगळ्यांची यंत्रं तपासायचं ठरलं. तपासणारा माणूस फाइली निवडून घेत नाही. तो अख्ख्या डिस्कची बिट-बिट नक्कल घेतो. त्या डिस्कवर आणखी तीन क्लायंटचं काम होतं आणि त्या तिघांशी माझे गोपनीयतेचे करार होते. तिघांना फोन करून हे सांगताना माझा आवाज कसा झाला होता ते मला अजून आठवतं. एकाने पुढचं काम दिलं नाही. त्यांचा डेटा त्यांच्याच यंत्रावर असता तर हे तीन फोन करावे लागले नसते. म्हणूनच या वेळी मी लॅपटॉप आनंदाने घेतला होता, आणि त्याच्यासोबत आलेला फोनही.

लॅपटॉपचं दुखणं वेगळं. संथ चालणाऱ्या क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, शोधायच्या माझ्या स्क्रिप्ट अकरा वर्षं जमवलेल्या आहेत. त्या मी तिथे नेल्या आणि चार महिन्यांत त्यांच्या कामासाठी बऱ्याच सुधारल्या. सुधारलेली प्रत त्या निळ्या पडद्याच्या मागे राहिली. कागदात लिहिलंय की कंपनीच्या साधनांवर तयार झालेलं सगळं कंपनीचं. पाया माझा, सुधारणा त्यांच्या पैशातून. मागावं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मागितलंच तर ते काय देतील? डिस्क पुसली असेल तर त्यांच्याकडेही काही नाही.

सोमवारी दोन्ही वस्तू चार्जरसकट खोक्यात भरल्या. त्याच दिवशी नवा कोड मिळाला. या वेळी गुपित माझ्या दोन फोनवर नोंदवलं आणि राखीव कोड कागदावर छापून घेतले. त्या मुलाने स्वतःहून सर्व्हरवर पुन्हा २ जीबीची फाइल ठेवली, फक्त नाव बदलून: 'ताईंना विचारल्याशिवाय पुसू नये'.

नव्या कामाचा फॉर्म आला आहे. लॅपटॉपपुढे 'हो' लिहिलं, मात्र साधनांवर झालेलं काम कोणाचं, ते वाक्य बदलून द्या असंही लिहिलं. फोनपुढे 'नाही'. त्यांचं उत्तर आलं की फोनशिवाय रात्रीचा अलार्म तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही. मी कळवलं, माझ्या नंबरवर साधा कॉल करा, मी उठते. मंगळवारपासून उत्तराची वाट बघतेय.