पूर्णविरामाचा राग

‘ठीक आहे’ असं कुणी फोनवर म्हटलं तर त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. म्हणणारा वैतागलाय, खुशीत आहे की नुसता घाईत आहे, ते आवाजातच कळतं. तेच दोन शब्द मेसेजमधून आले आणि पुढे पूर्णविराम असला की माणसं कामाला लागतात. पूर्णविराम कशाला दिला? एरवी तर देत नाही. काल नुसता अंगठा पाठवला होता, तेव्हाच काहीतरी बिनसलं असणार. मग स्क्रीनशॉट तिसऱ्याच माणसाकडे जातो, ‘यात तुला राग दिसतो का गं?’ अशी विचारणा होते आणि तिकडून तज्ज्ञ मत येईपर्यंत मूळ ‘ठीक आहे’ लिहिणारा गाढ झोपलेला असतो.

या संशयाला थोडा आधार आहे बरं का. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली असं दाखवलं, की मेसेजमधल्या एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला तर वाचणाऱ्याला ते उत्तर कमी मनापासूनचं वाटतं. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असेल तर मात्र असा काही फरक पडत नाही. मेसेजमध्ये ओळ संपल्याचं तसंही दिसतंच, त्यामुळे तिथे मुद्दाम दिलेलं टिंब पाय आपटल्यासारखं ऐकू येत असावं.

ऐकू येतं म्हणजे कुणाच्या आवाजात, हे खरं पाहायला हवं. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ साली ऑनलाइन सैल सुटणाऱ्या माणसांवर एक निबंध लिहिला. माणसं समोरासमोर जे बोलणार नाहीत ते पडद्यावर का बोलतात, याची सहा कारणं त्यांनी दिली होती. ओळख लपलेली असते, आपण दिसत नाही, उत्तर लगेच झेलावं लागत नाही, ही त्यातली ठळक कारणं आता सगळ्यांच्या तोंडी आहेत. मला त्यातलं एक कमी बोललं जाणारं कारण जास्त पटतं. समोरच्याचा मजकूर वाचताना त्याला आवाज आपण देतो, चेहरा आपण देतो आणि मग त्या आपणच रंगवलेल्या माणसाशी आपण बोलत बसतो. आपली झोप नीट झालेली नसली की त्याचा आवाज कर्कश होतो. त्या बिचाऱ्याने वाक्य लिहिलेलं असतं एवढंच. ऑनलाइन भांडणांतला निम्मा जोर हा साप साप म्हणून भुई धोपटण्यात जातो, असं माझं मत आहे.

लिहिणाऱ्याची गंमत याच्या उलटी. त्याच्या डोक्यात स्वतःचा आवाज इतका स्पष्ट वाजत असतो, की तो कागदावर उतरलाच नाही हे त्याच्या गावीही नसतं. जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांबरोबर २००५ साली हे मोजून दाखवलं. काही वाक्यं गंभीरपणे, काही उपरोधाने पाठवायची आणि समोरच्याने कोणतं कोणतं ते ओळखायचं. पाठवणाऱ्यांना वाटत होतं, साधारण ७८ टक्के वेळा बरोबर ओळखलं जाईल. आवाजातून पाठवलं तेव्हा अंदाज फार चुकला नाही, ७३ टक्के. ईमेलमधून मात्र ५६. नाणं उडवून ठरवलं असतं तरी ५० टक्के बरोबर आलंच असतं की! एवढं असून वाचणाऱ्यांनाही आपण नेमकं ओळखल्याची खात्री होती.

हा घोळ फार पूर्वीच कुणाच्या ध्यानात आला होता, त्याची गोष्ट मोठी छान आहे. १९८२ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरच्या सूचनाफलकावर लिफ्ट आणि पारा यांच्यावरून थट्टामस्करी चालू होती. त्यात कुणीतरी लिफ्टमध्ये पारा सांडल्याची खोटी सूचना टाकली आणि काही जणांनी ती खरी मानली. त्यावर स्कॉट फालमन या प्राध्यापकांनी १९ सप्टेंबरला तोडगा सुचवला : अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस अशी तीन चिन्हं जोडून आडवा हसरा चेहरा करा आणि विनोदापुढे लावा. पुढे तिरकसपणे हेही जोडलं, की सध्याची लक्षणं पाहता विनोद नसलेल्या मजकुरालाच खूण करणं स्वस्त पडेल. जगभर गाजलेल्या त्या हसऱ्या चेहऱ्याच्या मुळाशी असा वैताग होता.

पुढे त्या चेहऱ्याचंही तेच झालं. साधं हसू आता कित्येकांना टोमणा वाटतं. म्हणून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसणारे चेहरे एकामागोमाग तीन टाकावे लागतात आणि टाकणाऱ्याचा चेहरा त्या वेळी बहुधा दगडासारखा असतो.

खरं नाव लिहायला लावलं की लोक सरळ वागतील, ही एक लाडकी समजूत आहे. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर ओळख पटवणं सक्तीचं केलं होतं. २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो नियम रद्द केला, बेकायदा मजकूर लक्षात येण्याइतका कमी झाल्याचं दिसत नाही, हेही एक कारण देऊन. मला यात नवल वाटत नाही. शाळासोबत्यांच्या ग्रुपवर सगळ्यांना सगळ्यांची नावं, आडनावं आणि लहानपणीची टोपणनावंसुद्धा माहीत असतात. तरी जुंपते ती जुंपतेच. इस्रायलमधल्या हैफा विद्यापीठाच्या २०१२ मधल्या एका प्रयोगात तर नाव लपवण्यापेक्षा डोळ्याला डोळा न भिडणं हे शिवीगाळीचं जास्त मोठं कारण ठरलं.

आणि तरी हे न दिसणं वाईटच, असंही म्हणवत नाही. आपल्या आजाराबद्दल घरात चकार शब्द न काढणारी माणसं रात्री अनोळखी लोकांना पानंच्या पानं लिहितात. समोर चेहरा नसतो म्हणूनच त्यांना ते जमतं. सुलर यांनीही या सैलपणाची ही बाजू मांडली होती, फक्त तिच्या बातम्या होत नाहीत.

आवाजच हवा असेल तर व्हॉइस मेसेज पाठवा ना, असं कुणी म्हणेल. पाठवतात की. पण चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला की आपण काय करतो? दुप्पट वेगाने ऐकतो. आणि दुप्पट वेगात, अगदी वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारासुद्धा, भांडायला आल्यासारखाच वाटतो.